मुठीचा डबा

संस्थेच्या अध्यक्षांनी डबा शाळेच्या ऑफिसातल्या फरशीवर उपडा केला. ज्वारी, बाजरी, रेशनचा तांदूळ, थोडे गहू. सगळं एकात एक. दाणे खुर्च्यांखाली गेले, कपाटाखाली गेले.

"काय रे शिपुर्ड्या, तुमच्या देवाकडं मटण न्हाई का? नुसती ज्वारीच?"

मास्तर लोक हसले. मी शाळेचा शिपाई, रोज ज्यांची टेबलं पुसतो तेच. मीही हसलो. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढं लिहायची हिंमत होणार नाही. मी हसलो.

डबा माझ्या मायचा होता. आमच्या वस्तीत दर रविवारी तिच्या घरी येशूची प्रार्थना व्हायची. पत्र्याची खोली, एक डफ, तीस-पस्तीस माणसं, बहुतेक घरटी एक. आमच्यात रीत आहे. सैपाकाला बसताना बाईनं आधी एक मूठ धान्य बाजूला काढायचं. आठवडाभराचं ते धान्य रविवारी डब्यात ओतायचं, आणि ज्याच्या घरची चूल पेटली नसेल त्यानं ते न्यायचं. कोणी नेलं हे विचारायचं नाही. माय त्या वेळी डोळे मिटून प्रार्थना लांबवायची, म्हणजे नेणाऱ्याला कोणी बघू नये. बाप गेला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्या डब्यावर आम्ही दोन पावसाळे काढले. देव आहे की नाही हे मला तेव्हा कळत नव्हतं. भाकर आहे, एवढं कळायचं.

आदल्या रविवारी गावातली पोरं प्रार्थनेत घुसली, डफ फोडला, डबा उचलून नेला. सोमवारी तो शाळेत, माझ्यापुढं.

"इतक्या जातीचं धान्य एका घरात कसं?" अध्यक्ष म्हणाले. "बाहेरून येतंय हे. तुझी माय धान्य वाटून लोक बाटवून राह्यली."

मला उत्तर माहीत होतं. धान्य मिसळलेलं होतं, कारण ते तीस चुलींवरून आलं होतं. ज्याच्या घरी जे शिजतं त्याची मूठ. पिवळी ज्वारी शांताबाईच्या घरची, तांदूळ आमच्या घरचा. माझ्या बायकोच्या हातचा.

पण माझ्या दाखल्यावर हिंदू मातंग लिहिलेलं आहे. नोकरी त्याच दाखल्यावर. ख्रिस्ती म्हटलं की आमची जात सरकारदरबारी पुसली जाते. गावातून मात्र पुसली जात नाही. आमच्या ओंजळीत पाणी अजून वरूनच ओततात. सव्वीस वर्षं मी कागदावर एक आणि रविवारी एक असा जगलो.

अध्यक्षांनी कोरा कागद सरकवला. "लिही. धान्य बाहेरून येतं, प्रार्थनेला बसणाऱ्याला वाटतात. घरचा माणूस म्हणून तुझी सही."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आहे माझं. सही केली. मग खाली बसून फरशीवरचे दाणे वेचले. डबा भरून त्यांच्याच जीपमध्ये ठेवला.

मायला ठाण्यात दिवसभर बसवलं. जमादारानं तो कागद तिला वाचून दाखवला, खाली कोणाची सही आहे तेही सांगितलं. संध्याकाळी ती घरी आली. मला एवढंच म्हणाली, "जेवला का?"

त्यानंतर प्रार्थना बंद. माय दार लावून एकटी बसायची. आमची खोली तिला लागूनच, भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. ती वस्तीतल्या एकेकाचं नाव घेऊन मागायची. शेवटी माझं. "देवबापा, माझ्या लेकराचं तोंड उघड." रोज तेच. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

शांताबाई सत्तरीची, तिच्यामागं कोणी नाही. चांगल्या आठवड्यात ती मूठ टाकायची, वाईट आठवड्यात डब्यातून न्यायची. रविवारी ती सवयीनं यायची. पदराखाली पातेलं. बंद दारापुढं जरा वेळ उभी राहायची अन् माघारी जायची. एकदा माझ्यासमोरून गेली. म्हणाली, "तू तरी काय करशील रे बाबा." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

चार महिन्यांनी जबाबाला बोलावलं. अध्यक्षांनी जीपमध्ये बजावलं, "जे लिहिलंय तेच बोल. तुझा दाखला माझ्या कपाटात हाय, ध्यानात ठेव."

ठाण्यात माय आधीच बसलेली. खाली, भिंतीला टेकून. टेबलावर आमचा डबा, लाखेचं सील लावलेला. जमादारानं सील तोडलं, झाकण काढलं. आत टोके झालते. काळे किडे भराभरा काठावर चढून टेबलावर उतरले. धान्याचं पीठ झालतं.

"आयला, घाण," अध्यक्ष मागं सरकले.

चार महिने. तीस घरच्या मुठी. अन् शांताबाई रिकामं पातेलं घेऊन फिरत होती. माझ्या एका सहीनं ते सगळं किड्यांना घातलं होतं.

जमादारानं कागद पुढं धरला. "सही तुमचीच?"

"सही माझी. मजकूर खोटा."

"काय?"

"धान्य वस्तीचं आहे. त्यातला तांदूळ माझ्या घरचा. मी ह्याच डब्यावर वाढलो. मी ख्रिस्ती आहे."

अध्यक्ष उठले. "शुद्धीवर हाय का? नोकरी जाईल तुझी."

"माहीत आहे. लिहून घ्या, जमादारसाहेब."

माय माझ्याकडं बघत होती. रडली नाही. पदरानं टेबलावरचे किडे झाडायला लागली.

मी निलंबित आहे. दाखल्याची चौकशी लागली आहे. बायको बोलत नाही, पोरीचं कॉलेज अर्ध्यावर आहे. अध्यक्षांचा निरोप आला, माफीचं लिहून दे, मिटवतो. धर्म सांगितला तर नोकरी जाते, लपवला तर माय जाते. तिसरं दार मला अजून सापडलेलं नाही. प्रार्थनेनं ते उघडलं, असं मी खोटं सांगणार नाही. पण मायच्या खोलीचं दार मी उघडलं आहे. रविवारी सात माणसं येतात. तिसाची सात. ज्या पोरांनी डफ फोडला ती समोरच्या पारावर बसून मोबाईलवर आमचं चित्रण करतात.

करू द्या. नवा डबा आता उंबऱ्यावर असतो. पहिली मूठ मी टाकतो, त्यांच्याकडं तोंड करून.

चौकशीला परवा जायचं आहे. कागद मागतील. या खेपेला मी घरूनच लिहून नेतोय. अक्षर तेच आहे. पहिली ओळ झाली: त्या डब्यात माझी मूठ होती.