झोंबायचं थांबलं तेव्हा

सगुणा रोह्याला आमच्या दवाखान्यात माझ्या हाताखाली रुजू झाली, तेव्हा बी.एस्सी. नर्सिंग होऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. मी जुन्या वळणाची, तीन वर्षांच्या डिप्लोम्यावर बावीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली. पहिल्याच आठवड्यात हिनं आपल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. बी.एस्सी. चार वर्षं, पुढे बरोबरची खूण. नोकरी दोन वर्षं. एम.एस्सी. दोन वर्षं. मग प्रवेश परीक्षा, गाइड आणि पीएच.डी. प्रत्येक ओळीपुढे साल घातलेलं.

मी म्हटलं, “बाई गं, सलाइन लावायला डॉक्टरेट कधीपासून लागायला लागली?”

ती हसली. “सलाइन लावायला नाही, गिरजाताई. आपल्याला रोज जे दिसतं, ते कुणीतरी लिहायला नको का?”

मला तो आगाऊपणा वाटला. खरं सांगायचं तर जरा पोटातही दुखलं. आमच्या वेळी असा कागद लिहायचं कुणी सुचवलंच नव्हतं.

ती पेणच्या खाडीकडची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. कासू स्टेशनला उतरून गावापर्यंत चालत जायची. वडील, पुंडलिक, ती बारावीत असताना गेले. शेजारच्या मुली एकेक करून सासरी गेल्या, पोरगे डोलवीला कंपनीत लागले. हिची आई बायजाबाई मात्र एकटी मीठ ओढत राहिली आणि पोरीला तिनं नर्स केलं. एकदा ती दवाखान्यात आली होती. कागदावरून बोट फिरवत तिनं विचारलं, “ही शेवटची वळ कंदी व्हयाची गो?”

सगुणानं साल सांगितलं.

“तवर मी हाय,” बायजाबाई म्हणाली आणि कपाटाचं दार हळूच लावून घेतलं.

बायजाबाईला साखर होती. ती सगुणानंच शोधून काढली होती, गोळ्याही तीच नेऊन द्यायची. दोन वर्षांची नोकरी झाल्यावर तिनं ठरल्याप्रमाणे अभ्यासाची रजा घेतली आणि एम.एस्सी.ला मुंबईला गेली. मी तिला निरोपाला पेन दिलं आणि टोमणाही मारला, की वरच्या वर्गात गेल्यावर आम्हाला ओळख दे.

आता मिठागरातली एक रीत सांगायला हवी. तिथल्या माणसांचे तळवे राठ होतात, भेगाळतात. शिंपल्यानं पाय कापला तर तिथे एकच उपाय. मीठ धरू लागलेल्या दाट पाण्यात पाय बुडवून उभं राहायचं. पाणी झोंबतंय तोवर जखम आहे. झोंबायचं थांबलं की जखम बरी झाली. लहानपणी सगुणाही तशी रडत उभी राहिली होती आणि आई काठावरून विचारायची, “झोंबतंय का गो?” धडधाकट माणसाचं यात सहसा काही बिघडत नाही. पण साखरेच्या माणसाच्या पायातली जाणीवच मरत जाते. त्याला आधीपासूनच काही झोंबत नसतं.

हे सगुणाला माहीत नव्हतं असं नाही. एम.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेत तिनं याच विषयावर चार पानं लिहिली होती. त्याच आठवड्यात आईचा फोन आला. पायाला शिंपला लागलाय, खाऱ्या पाण्यात धुते रोज, काळजी करू नको.

सगुणानं विचारलं, “झोंबतं का?”

“नाय गो. आता काय झोंबत नाय.”

“मग बरं झालं,” सगुणा म्हणाली आणि पुढच्या पेपरच्या वाचनाला बसली.

अकरा दिवसांनी ती घरी गेली. दारातच तिला वास आला. बायजाबाईची तीन बोटं काळी पडली होती आणि ती बाई तशीच कामाला जात होती. मोठ्या दवाखान्यात पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तोवर विष अंगभर पसरलं होतं. नवव्या दिवशी बायजाबाई गेली. मी तिथेच होते. सगुणा रडली नाही. इतकंच म्हणाली, “ताई, मी तिला नर्ससारखं विचारलं नाही. मिठागरातल्या पोरीसारखं विचारलं.”

एम.एस्सी.ला ती पहिली आली. ड्यूटीवर परतली ती मान खाली घालूनच. पीएच.डी.च्या प्रवेशाची तारीख निघून गेली, तिनं फॉर्म भरला नाही. पुढचं वर्षही तसंच जायला लागलं तेव्हा माझं डोकं फिरलं. सगळ्या वॉर्डासमोर मी तिला झापलं. “आई तुझ्या चुकीनं गेली म्हणतेस ना? मग ती चूक कुठे लिहून ठेवणार आहेस की नाही? की तीही तुझ्याबरोबरच मरू द्यायची?” बोलले आणि लगेच जीभ चावली. असं कुणाला बोलू नये. पण आठवड्यानं तिनं फॉर्म भरला. विषय, मिठागरातल्या बायकांच्या पायातली जाणीव.

प्रवेश मिळाला, गाइड मिळाल्या, कमिटीची परवानगी आली. आणि गाडी गावाच्या वेशीवरच अडली. एकही बाई पाय दाखवीना. सगुणा सुट्टीच्या दिवशी मिठागरावर जायची, बायका चहा द्यायच्या, तिच्या आईची आठवण काढायच्या आणि पदर सारखा करून कामाला लागायच्या. दोन महिने गेले. गाइड म्हणाल्या, मिठाचा हंगाम संपत आलाय, दुसरा विषय घ्या नाहीतर नोंदणी सोडा. तेव्हा ती मला घेऊन गेली.

बांधावर सात-आठ जणी बसल्या होत्या. त्यात हौसा, बायजाबाईच्या जोडीनं तीस वर्षं मीठ ओढलेली. मीच तोंड उघडलं. “अगं, घरची पोर आहे. पाय दाखवायला काय जातं तुमचं?”

हौसा माझ्याकडे बघून बोलली, सगुणाकडे नाही. “पाय दाखवला म्हंजे पाय कापतात. बायजीचा कापला नि ती मेली. हिनंच नेलीवती.”

तर हे होतं. गावाच्या लेखी आईला पोरीनं दवाखान्यात नेऊन मारलं होतं आणि दोन महिने तिला चहा पाजताना कुणी ते बोललं नव्हतं. मला इतका राग आला की मी उठलेच. सगुणानं हात धरून मला खाली बसवलं.

मग ती बोलली. दवाखान्याची बाजू घेतली नाही, पुस्तकातलं काही सांगितलं नाही. म्हणाली, “हौसामावशी, आय पाय कापून मेली नाय. तिनं मला फोन केलावता. मी इचारला, झोंबतं का. ती बोलली, नाय. मी बोलले, बरं झालं. मी एवढी शिकलेली, नि मी बोलले बरं झालं. तवाच नेली असती तर आय आज हितं बसली असती.”

गावात तिला मोठी सिस्टर म्हणत. तो मान तिनं स्वतःच्या हातानं उतरवून बांधावर ठेवला होता. माझे डोळे भरून आले, ते मी पुसले नाहीत.

हौसा पुढे सरकली. लुगडं सावरून तिनं उजवा पाय सगुणाच्या मांडीवर ठेवला. टाचेला जुनी चिंधी बांधलेली होती. सगुणानं ती न ओढता सोडवली, पिशवीतून तपासणीचा नायलॉनचा दोरा काढला आणि समजावलं, “तिकडं खाडीकडं बघ. मी हा दोरा तळव्याला टेकवीन. कळला की व्हय बोलायचं.”

हौसानं मान फिरवली. आम्ही सगळ्या तळव्याकडे बघत होतो. खाडीकडे तोंड करून हौसा वाट पाहत राहिली, मग वैतागून म्हणाली, “लाव की गो. कवाची बसलेय.”

सगुणानं दोरा तिसऱ्यांदा टेकवला होता.