सरांनी ओळखलेली धाव

दुकानाच्या कॅमेऱ्यात पाठमोरा पळणारा तो माणूस मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत याहून मोठे गुन्हे तपासले, खुनाचेही तपासले. पण कोणी एखादी आठवण विचारली की आधी हेच प्रकरण डोळ्यांसमोर येतं.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस निरीक्षक होतो. मी मूळचा हदगावकडचा, त्यामुळे इकडची माणसं आणि त्यांचं बोलणं मला नवं नव्हतं. आठवडी बाजाराच्या दिवशी भर दुपारी एका निवृत्त नर्सबाईंच्या गळ्यातली सोन्याची बोरमाळ कोणीतरी हिसकावली. बाई पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात जाऊन त्यांची फिर्याद घेतली, पण चोराचा चेहरा त्यांना सांगता येईना.

असे चोर सहसा मोटारसायकलवर येतात; एक चालवतो, मागचा हात टाकतो. हा एकटा होता आणि पायी होता. तोंडाला दस्ती बांधून आलेला. बाजारातून निघाला तो धान्याच्या मोंढ्यामागच्या रस्त्यानं असा पळाला की मागे लागलेल्यांचा दम निघाला. कापड दुकानाच्या कॅमेऱ्यात तेवढा तो पाठमोरा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात हजेरी चालू असतानाच आमच्या हवालदाराला खबऱ्याचा फोन आला. बाजाराच्या वेळी एका ऑटोवाल्याला त्याच रस्त्यानं पळताना त्यानं स्वतः पाहिलं होतं. हा ऑटोवाला शाळेत असताना धावपटू होता आणि त्याच्यावर मारामारीचा एक जुना गुन्हाही होता. त्याला चौकशीसाठी आणलं.

पळत होतो हे त्यानं लगेच कबूल केलं.

"पळालो सायेब, पर चोराच्या मागं, कापड दुकानाच्या फुडनं. त्यो लई पुढं होता, घावला न्हाई."

चोर कोण होता, कसा होता, असं विचारलं की मात्र तो खाली बघायचा. दटावून झालं, समजावून झालं, चहा पाजून झाला. बाकी सगळ्याची उत्तरं सरळ. या एकाच प्रश्नाला तोंड बंद. खोटं बोलणारा माणूस बहुतेक वेळा जास्त बोलतो, हे मला माहीत होतं. पण गप्प राहणाऱ्याचा अर्थ आम्ही पोलीस एकच लावतो. त्याची अटक दाखवायची, असं ठरत आलं होतं.

तेवढ्यात हायस्कूलचे विज्ञानाचे सर ठाण्यात आले. दिवसभर वर्गात शिकवायचे आणि सकाळ-संध्याकाळ शाळेच्या मैदानावर पोरांना धावायला शिकवायचे. माझ्याच ठाण्यातले दोन शिपाई त्यांच्या हाताखालून भरती झालेले. सर आत येताच ते उठून उभे राहिले. ऑटोवालाही त्यांचाच विद्यार्थी. त्यांनी रदबदली केली नाही. कॅमेऱ्यातलं चित्रण बघायला मिळेल का, एवढंच विचारलं.

हवालदाराच्या मोबाईलवर ते दाखवलं. सरांनी एकदा पाहिलं, मग पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघताना त्यांचा चेहरा उतरला. मोबाईल परत देत ते म्हणाले, "साहेब, तुम्ही आत बसवलाय तो हा नाही."

मी कारण विचारलं. त्यांनी वर्गात समजावून सांगावं तसं सांगितलं. ऑटोवाल्याची टाच आधी टेकते. ती खोड मोडायला त्यांनी खूप खटपट केली, मोडली नाही. चित्रणातला माणूस चवड्यावर पळतोय आणि पळताना त्याचा डावा हात बाहेर फेकला जातोय. विद्यार्थ्याच्या मायेपोटी तुम्ही बोलताय, असं मी म्हणालो. त्यांना राग आला नाही.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. त्याला तिथंच पळवून बघा."

तसंच केलं. ऑटोवाल्याला त्याच रस्त्यानं, त्याच कॅमेऱ्यासमोर जीव खाऊन पळायला लावलं. दोन्ही चित्रणं शेजारी ठेवली, तेव्हा हवालदाराच्याही लक्षात आलं. माणसं वेगळी होती.

"मग हा कोण, सर?" मी विचारलं.

सरांनी पाणी मागितलं, ते अर्धंच प्यायले.

"ओळखलंत ना तुम्ही?"

"उद्या सकाळपर्यंत वेळ द्या," ते म्हणाले. "मीच घेऊन येतो."

असा वेळ द्यायला मी बांधील नव्हतो. चोर जिल्ह्याबाहेर गेला असता तर वरिष्ठांना उत्तर मलाच द्यावं लागलं असतं. तरी मी हो म्हणालो, आणि साध्या वेशातला एक शिपाई सरांच्या मागावर ठेवला. विश्वास आणि बंदोबस्त दोन्ही लागतात.

सकाळी सर आले ते जळकोटच्या बाजूच्या एका खेड्यातल्या तरुणाला घेऊन. राज्य पातळीवर धावलेला, सरांच्या हाताखालचा सगळ्यात चांगला धावपटू. सरांनी त्याला पुढं केलं आणि म्हणाले, "हा माझा विद्यार्थी. आधी माझा जबाब लिहून घ्या."

तरुणानं काही लपवलं नाही. पोलीस भरतीत मैदानावर तो दरवेळी पुढे असायचा आणि लेखी परीक्षेत मागे पडायचा. शेवटी वयाची मर्यादा उलटली. नांदेडला चांगली नोकरी लागली, असं त्यानं घरी सांगितलं होतं. त्याच थापेवर लग्न ठरलं आणि नवरीला बोरमाळ घालायचं कबूल केलं गेलं. सर आदल्या संध्याकाळी त्याच्या घरी गेले तेव्हा त्यांनी उपदेश केला नाही. तुझ्या जागी ठाण्यात कोण बसलाय, एवढंच सांगितलं. मग तोच म्हणाला, सकाळी जाऊ. माळ कडब्याच्या गंजीत होती. पंचांसमक्ष त्यानंच काढून दिली.

ऑटोवाल्याला सोडताना मी विचारलं, "तूही त्याला ओळखलं होतंस ना?"

"हाव सायेब. पाठीवरनंच."

"मग बोलला का नाहीस?"

"आमच्या दोघात शर्यतीचा बूट येकच होता सायेब. त्यो पळून आला की काढून मला द्यायचा." एवढं बोलून तो आपला ऑटो घ्यायला गेला.

खटला उभा राहिला तेव्हा सर साक्षीला आले. चेहरा न बघता माणूस ओळखता कसा येतो, असं आरोपीच्या वकिलांनी जरा हसतच विचारलं. सर म्हणाले, "त्याला पळायला मी शिकवलंय." वकिलांनी तो प्रश्न पुढे वाढवला नाही. तरुणाला शिक्षा झाली. गावात काही लोक म्हणाले, सरांनी स्वतःचं पोर पोलिसांच्या हाती दिलं. काही पालकांनी मुलांना मैदानावर पाठवणं बंद केलं. सरांनी कुणाला खुलासा दिला नाही. भेटीच्या दिवशी मात्र ते कारागृहात त्या तरुणाला भेटायला जात.

आमच्या खबऱ्यानं दिलेली माहिती खोटी नव्हती. त्यानं पळणारा माणूस पाहिला होता आणि तो माणूस खरंच पळत होता. पण ते सांगताना खबऱ्याचं काहीच जात नव्हतं. सरांचं जात होतं, आणि ते त्यांना ठाण्यातच कळलं होतं. पुढे जिथं जिथं बदली झाली, तिथं जबाब घेताना मी एक गोष्ट मनाशी बघत गेलो: हे सांगताना या माणसाचं काय जातंय? काहीच जात नसेल, तर तो जबाब मी पुन्हा एकदा तपासायचो.