शाहनिसा खालाची भिंत

बर्फ वितळून रस्ता मोकळा झाला, तसा वाटाड्या रऊफ खालच्या कुबा शहरातून मोसमातली पहिली पर्यटकांची जीप घेऊन डोंगरातल्या आपल्या गावी आला. शेजारच्या शाहनिसा खालाच्या दारात रचलेली गोवऱ्यांची भिंत जशीच्या तशी उभी होती. पाहुणे फोटो काढायला धावले. रऊफ मात्र घाबरून थेट खालाच्या घरात शिरला.

"खाला, हिवाळाभर चूल पेटवलीच नाहीस?"

"तूच म्हणालास ना, पाहुण्यांना भिंत आवडते, मोडू नकोस!"

"अगं, गमतीनं म्हणालो! गारठून मेली असतीस!"

"मरतेय कशाला? तुझ्या आईच्या चुलीपाशी बसून होते की." खालानं त्याच्या हातात चहा दिला. "तिची भिंत मात्र पार संपली. चहा पी आणि जा, शेण कालवून वाट बघत बसलीय तुझी."