गोजराअक्काचा अंगठा

गोजराअक्का हेब्बाळच्या आमच्या संशोधन संस्थेत उंदरांची देखभाल करायची. घराणं तीनशे वर्षांपासून बेंगळुरातलं, मराठी निम्मी कानडीत बुडालेली, शिक्षण चौथी. मी पुण्याची एम.एस्सी., म्हणजे शहाणपणाचा मक्ता माझ्याकडे!

साल १९९४. माझ्या चाळीस पांढऱ्या माद्यांच्या अंगात ऑन्कोजीन होतं, म्हणजे कर्करोगाला चालना देणारं जनुक. त्यांना स्तनाच्या गाठी कधी येतात हे मला पाहायचं होतं. आठ महिने उलटले, गाठीचा पत्ता नाही. आमचे कृष्णमूर्ती सर म्हणाले, "सोमवारपर्यंत एक तरी दाखव. नाहीतर प्रयोग बंद, उंदीर मारून टाकायचे." माझी सगळी मेहनत पाण्यात जाणार होती.

शनिवारी अक्का पिंजऱ्यांतला भुसा बदलत होती. प्रत्येक उंदरीण हातात घेऊन तिच्या अंगावरून अंगठा फिरवायची तिची जुनी खोड. मी त्यावरून तिला चिडवायचे. त्या दिवशी ती एकीच्या मानेशी थांबली.

"स्वल्प बघ ग नीलिमा. इथं मोहरीएवढं काय तर लागतंय."

"मानेला? दुसरी चावली असेल. मी रोज पोटं तपासते, अक्का."

"यांना पोटालाच दूध असतंय काय? पिल्लं मानेपासून मांडीपर्यंत लुचतात. अकरा वर्षं बघते मी."

हे मी परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते, आणि आठ महिने नुसती पोटं चाचपत बसले! मी बोट ठेवलं. होती! बारीक, टणक गाठ. जनुक प्रत्येक पेशीत, गाठ मात्र एकाच जागी; म्हणजे एकटं जनुक पुरत नव्हतं, आणखी काहीतरी बिघडावं लागत होतं. मी जिना दोन-दोन पायऱ्या उडवत सरांना बोलवायला धावले.

सरांनी गाठ चाचपली आणि चक्क हसले. "प्रयोग चालू ठेव. पण खात्री हवी. गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघू, आजच."

म्हणजे ही उंदरीण मारायची. आनंदाच्या भरात माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. अक्काच्या आलं होतं. ती तिला तळहातावर घेऊन उभी होती.

"मी बोलले नसते तर सोमवारी सगळ्याच गेल्या असत्या न्हवं?"

"हो, अक्का."

"सरी, बरं तर. मग मीच धरते हिला. तुझे हात कापतायत."

ते आनंदानं कापत होते. तिला तसं सांगायची मला लाज वाटली.