आत्याचं अळीव

माझी आत्या एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं फक्त सूप करत होती. बाकीचे आचारी तिला 'पातळआत्या' म्हणायचे, आणि ती तर चांगली दोन खुर्च्या व्यापणारी. मी तिच्या हाताखाली भाज्या चिरायचे. तिचं तोंड फटकळ, माझं तिच्याहून फटकळ, त्यामुळे आमचं जमायचं.

उन्हाळ्यात सूप हलकं असायचं. पातीचा कांदा थोड्या लोण्यावर परतायचा, मग गाजर, फरसबी, कोवळा दुधी, मटार. पाणी बेताचं. भाज्या जेमतेम मऊ झाल्या की गॅस बंद आणि वरून लिंबू. वाडगा रुग्णाच्या हातात देताना अगदी शेवटी अळिवाची कच्ची पानं. ती आत्या खिडकीतल्या पसरट ट्रेमध्ये स्वतः उगवायची. इवलीशी पानं, पण चावली की मिरीसारखी जीभ चुरचुरते.

त्या पानावरून आत्या माणूस ओळखायची. "तिखट आहे हो," म्हणणारा घरी जायचा. ज्याला ते गवतासारखं लागायचं, त्याची खाट आठवड्याच्या आत रिकामी. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला," असं म्हणून मी हसायचे. मग एका उन्हाळ्यात मी गुपचूप लक्ष ठेवलं. नऊ जणांना चव लागली नाही. नऊच्या नऊ गेले. त्यातला एक तर नुसत्या मोडलेल्या पायासाठी आला होता. त्यानंतर मी हसणं सोडलं आणि वाडगे पोचवायला जाणंही सोडलं.

यंदा माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तापाने दाखल झाले. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, दोन-चार दिवसांत सोडू. तीन दिवस आत्याने त्यांना सूप दिलं, पण पानं घातलीच नाहीत. चौथ्या दिवशी बाबाच कुरकुरले.

"सगळ्यांना हिरवळ आणि मला नुसतं पाणी? मी सख्खा आहे की सावत्र?"

मग तिला घालावीच लागली. मी दारात उभी होते. बाबांनी चावलं, आणखी चावलं.

"ताई, हा नुसता पाला आहे. तुझ्या हाताची चव गेली बघ."

आत्या हसली. ते हसू बघून मला भीती वाटली. "उन्हाने पानं मिळमिळीत झाली असतील," असं म्हणत ती तडक स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग.

भर दुपारी तिथे कुणीच नव्हतं. नळसुद्धा गळत नव्हता. तिने मूठभर पानं मुळांसकट उपटून तोंडात कोंबली आणि कितीतरी वेळ चावत राहिली. हळूहळू तिचा चेहरा खुलला.

"म्हटलं नव्हतं? अजिबात चव नाही! पानंच बाद आहेत. माझ्या भावाला काही होत नाही आता." ट्रेमधली दोन पानं तोडून तिने माझ्या तोंडात घातली. "तूच सांग."

माझ्या जिभेला आग लागली. डोळे भरून आले. मी घाईघाईने पाठ फिरवली आणि कांदा चिरायला घेतला.

"सांग ना गं," आत्या मागून म्हणाली.

"हो आत्या," मी म्हणाले. "अगदी गवत."