उंबऱ्याकडे चाललेलं गौरीफळ

हौसाबाई लग्न होऊन आचऱ्यात आली ती त्रेपन्न साली, आंबोलीहून. आमची आणि त्यांची परसं शेजारी, मध्ये कमरेएवढा दगडी गडगा. त्यामुळे तिच्या संसारातलं मला न दिसलेलं असं फारसं काही नाही. इतर मुली माहेराहून भांडीकुंडी आणतात. हिने ओल्या फडक्यात गुंडाळून एक काटेरी रोप आणलं आणि दुसऱ्याच दिवशी विहिरीजवळ लावलं. तिची सासू यमुनाबाई बघतच राहिली.

"गो बाय, हंय काटे काय कमी आसत?"

"आये, ह्येका फळां धरतत," हौसाबाई म्हणाली. "गौरीफळ म्हनतत आमच्याकडे."

आम्हा बायकांना हसायला निमित्तच हवं होतं. समुद्रकाठची भुसभुशीत माती, वरून चैत्रातलं ऊन. घाटावरचं झुडूप इथे कसलं जगतंय! पण हौसाबाई हट्टी. फणसाच्या सावलीत तिने त्याला जागा दिली होती, न्हाणीचं पाणी तिकडे वळवलं, बुंध्याशी चुलीतली राख आणि सुक्या मासळीचा कुटा घातला, उन्हाळ्यात वर झावळ्यांचा मांडव केला. दोन पावसाळ्यांत त्याचं गडग्यापेक्षा उंच बेट झालं. जांभळट फांद्या, त्यांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर, आणि काटे असे की माझा पदर त्यात दोनदा फाटला.

फळं आली तेव्हा मात्र आमची तोंडं बंद झाली. आधी लाल आणि मग काळी होणारी, बोटाच्या पेराएवढी फळं. हौसाबाईने मला शिकवलं, ओढायचं नाही, नुसता हात लावायचा. पिकलेलं फळ आपणहून तळव्यात येतं. तिचा नवरा सहदेव गलबतावर खलाशी होता. वैशाखात घरी असला की विहिरीच्या कट्ट्यावर बसून नारळाचा रस आणि गूळ घातलेली ती फळं वाटीवाटीने खायचा आणि जांभळी जीभ काढून बायकोला वेडावायचा. मुंबईहून आलेला माझा दीर म्हणाला, ही तर रासबेरी, हिचं सरबत मुंबईत बाटलीतून विकतात. सहदेव म्हणाला, "मरांदे तुझी बाटली. ह्या खाऊन बघ." असे हसरे दिवस त्या घराने पाहिले, हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणाला ते खरं वाटणार नाही.

अठ्ठावन्नच्या कार्तिकात मंगळुराहून कौलं घेऊन येणारं त्यांचं गलबत कारवारच्या बाहेर वादळात सापडलं. गलबत वाचलं, सहदेव वाहून गेला. गलबताचा तांडेल स्वतः येऊन सांगून गेला. प्रेत काही हाती लागलं नाही. आणि ज्याचं प्रेत नाही त्याचं काय करायचं, यावर गावात जितकी तोंडं तितक्या गोष्टी. यमुनाबाईने क्रियाकर्म करू दिलं नाही. हौसाबाईने कुंकू पुसलं नाही. एकाच घरात दोघींचं एकच म्हणणं, असं आम्हाला वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात बेटातली एक लांब फांदी वाकली, तिचं टोक जमिनीला लागलं आणि तिथे मुळं धरून नवं रोप उभं राहिलं. हे त्या झुडपाचं चालणंच आहे, आंबोलीत पोरंसोरंही जाणतात, असं हौसाबाईच म्हणाली. पण रोप उगवलं ते विहिरीकडून घराच्या बाजूला. पुढे विहिरीजवळचं जुनं बेट वाळून गेलं, आणि नव्या रोपाची फांदी पुन्हा वाकली, ती पुन्हा घराकडेच. जिथे नवं रोप आलं तिथे यमुनाबाई तिन्हीसांजेला पणती ठेवू लागली.

"येताहा तो," ती मला म्हणाली. "दर्यारसून घराक चलत येताहा."

मी मनात म्हटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. तिने ते माझ्या तोंडावर वाचलं.

"सावित्री, माका खुळा समजा नको. माझो झील जीतो नाय, ता माका ठावक आसा. पण घराक येवक नाय तेका मी खंयसून पाठवू? उंबऱ्याक पाय लागांदे. मगे करतंय तेचा सगळा."

तेव्हापासून मला त्या परसाची भीती वाटू लागली, उगाच कशाला लपवू? भर दुपारी आमच्या विहिरीवर गेले की गडग्यापलीकडे कुणीतरी पाय ओढत चालल्यासारखी पाचोळ्यात खसफस व्हायची. बघावं तर कुत्रंसुद्धा नाही. पावसाने उघडीप दिली की त्या झुडपातून ओल्या दोरखंडाचा वास यायचा. गलबतावरून आलेल्या माणसाच्या कपड्यांना येतो ना, तोच. फळं पूर्वीपेक्षा जास्त धरू लागली, पण गावात कुणी त्यांना हात लावेना. ती पिकून गळायची आणि खालची माती काळीजांभळी व्हायची. एकटी हौसाबाई खायची, तिथेच उभी राहून, कुणाशी तरी हळू बोलत.

गोवा सुटला त्या वर्षी झुडूप आणि मागीलदार यांच्यात एका फांदीचं अंतर उरलं होतं. तिथून ते पुढे सरकेना. यमुनाबाई रोज येऊन बघायची. श्रावण गेला, भाद्रपद गेला, टोक काही जमिनीला लागेना. आणि एका सकाळी मला कारण दिसलं. सासू देवळात गेली होती. हौसाबाई कोयती घेऊन वाकलेल्या फांद्यांची टोकं एक एक करून छाटत होती.

मी गडग्यावरून ओरडले, "गो, ह्या काय करतंस? म्हातारी वाटेर डोळे लावन बसलीहा!"

ती दचकली नाही. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं.

"तो वाटेर आसा तवसर माझो घोव आसा," ती म्हणाली. "पोचलो काय मेलो."

इतकी वर्षं गाव म्हातारीला आशेवर जगणारी समजत होतं आणि सुनेला तिच्या मनाप्रमाणे चालणारी. होतं नेमकं उलट. आईला मेलेला मुलगा घरी यायला हवा होता. बायकोला तो यायला नको होता, कारण तो आला की त्याचं क्रियाकर्म करायचं. मी कुणाला काही सांगितलं नाही. कुणाची बाजू घेऊ? दर पावसाळ्यात ती टोकं छाटत राहिली आणि म्हातारी पणती लावत राहिली. दोघी एकमेकींना वाढून जेवत होत्या.

चौसष्टच्या आषाढात यमुनाबाईने अंथरूण धरलं. अन्न तुटलं, पेज तेवढी पोटात राहायची. मी भेटायला गेले तेव्हा हौसाबाई तिचे पाय चेपत बसली होती. म्हातारी डोळे मिटूनच म्हणाली, "हौसा, मी गेलंय काय तेका घराक घेतलो कोण? भायरच उभो रवतलो."

तिने कोयतीचं नाव काढलं नाही. तिला ठाऊक होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. हौसाबाईचे हात थांबले. ती उठली, मागीलदारी गेली. सगळ्यात लांब फांदी तिने उघड्या हातांनी धरली, काटे रुतले तरी सोडली नाही. ती वाकवून टोक उंबऱ्याच्या पायरीशी आणलं, बोटांनी माती उकरून त्यात पुरलं आणि वर दगड ठेवला. हात रक्ताने माखले होते. पाऊस पडत होता. मी दारात उभी होते आणि मला वाटलं, आपल्या मागे आणखी कुणीतरी उभं आहे. मी वळून पाहिलं नाही.

श्रावणात त्या दगडाशेजारी कोंब आला. पांढुरका, दोन पानांचा. हौसाबाईने मला हाक मारली, आम्ही दोघींनी म्हातारीला उचलून मागीलदारी आणून बसवलं. तिने कोंबाकडे बराच वेळ पाहिलं. मग तिचा आवाज एकदम पूर्वीसारखा खणखणीत झाला.

"हौसा, घागर हाड. पाय धुवूक पाणी दी तेका. लांबसून इलोहा."

हौसाबाईने घागर आणली. कोंबावर पाणी घातलं, घाई न करता, अख्खी घागर रिकामी होईपर्यंत. मग ती उंबऱ्यावर बसली आणि दोन्ही मनगटं तिने पायरीच्या दगडावर आपटली. हिरव्या बांगड्यांचे तुकडे पाण्यात पडले. मी धावले, पण तिने मला हातानेच थांबवलं. कुंकू तिने पदराने स्वतःच पुसलं आणि सासूच्या मांडीत तोंड खुपसलं.

"आये," ती म्हणाली, "आता तूच सांग तेका, जा म्हनान. माझ्यान सांगवचा नाय."