चपला हातात घेण्याची परंपरा

माझ्या मैत्रिणीनं भर ऑक्टोबरच्या उन्हात पायातल्या सँडल काढून डोक्यावर घेतल्या, आणि मी माईकवरून म्हणाले, "वा! ही खरी परंपरा! होऊन जाऊ द्या एकदा टाळ्या!"

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला आहे. एकदा जावेच्या नातवाच्या बारशाला चुकून दुसऱ्याच घरी जाऊन पाळणा म्हणून आले होते. पण तो हसण्यावारी जाणारा होता. हा गेला नाही. तेव्हा मी तशी लहान होते म्हणा, साठ-एकसष्टची. डोक्यावर गुलाबी फेटा, नाकात नथ, नऊवारीवर मंडळाच्या चिन्हाचा बिल्ला, आणि हातात माईक. फेटा सारखा डोळ्यांवर उतरत होता. तो वर सारत मी टाळ्या मागत होते आणि लोक देत होते.

मंडळ म्हणजे आमचं वंशज मंडळ. माझे सासरे ज्या घराण्यातले, त्याची चांदूर बाजारकडच्या एका गावात गढी होती. होती म्हणजे आता नुसता दरवाजा उरला आहे. भिंती पावसानं आणि गावानं मिळून नेल्या. गढीची पांढरी माती घरं लिंपायला चांगली असते, लोक टोपली टोपली घेऊन गेले. दरवाजा मात्र दगडी, म्हणून राहिला. दोन्ही बाजूंनी मोकळं रान, मध्ये एकटा दरवाजा. वळसा घालून कोणीही पलीकडे जाऊ शकतं, पण आम्ही वंशज मंडळी मान ताठ ठेवून त्यातूनच जायचो.

माझे धाकटे दीर इंजिनिअर म्हणून रिटायर झाले आणि त्यांना एकदम पूर्वज आठवायला लागले. त्यांनी अमरावती, अकोला, पुणे असे पांगलेले सगळे आडनावबंधू गोळा केले. मूळपुरुषाची समाधी साफ केली. दरवाज्याला मरून ऑइलपेंट दिला. गाड्यांवर ढाल-तलवारीचे स्टिकर आले. दसऱ्याला गढीवर मेळावा सुरू झाला. निशाण उभारायचं, पूर्वजांची नावं मोठ्यानं वाचायची, प्रत्येक नावाला "जय" म्हणायचं. तलवारी अमरावतीच्या डेकोरेशनवाल्याकडून भाड्यानं येत. त्यांना धार नव्हती, पण फोटोत कळत नसे. आणि दरवर्षी मंडळाचं कॅलेंडर निघे.

महिला आघाडीची प्रमुख मी. गंमत अशी की वंशज मी नव्हतेच. माझ्या माहेरी गढी सोडा, धड ओटा नव्हता. वडील भाजीची पाटी घेऊन बाजारात बसत. पण नवीन मुसलमान जास्त कांदे खातो म्हणतात तसलं काही मी लिहिणार नाही, कारण ते म्हणणंही शहाणपणाचं नाही. एवढंच सांगते की घराण्यात जन्मलेल्या बायका मेळाव्यात सावली शोधून गप्पा मारत बसायच्या आणि मी, बाहेरून आलेली, घसा ताणून जय म्हणायचे.

त्या वर्षी मला कल्पना सुचली. माझ्या सासूबाई सांगायच्या, "गढीसमोरून कोणी पायात घालून जात नसे. येवढा मान होता." किती गोड, असं मला वाटलं. देवळासमोर लोक काढतात तसं प्रेमानं काढत असतील. मी दिरांना म्हटलं, आपण हे परत सुरू करू. गढीसमोरच्या गल्लीच्या तोंडापासून दरवाज्यापर्यंत सगळ्यांनी चपला हातात घेऊन चालायचं. दीर खूश झाले. "वयनी, तुमचं डोकं म्हणजे डोकं!" मी स्वतः फ्लेक्सचा मजकूर लिहिला: 'पादत्राणे हाती घेऊन चालण्याची आपली गौरवशाली परंपरा.' 'पादत्राणे' शब्दावर मी फार खूश होते.

आता मैत्रीण. ती अमरावतीत आमच्या मागच्या गल्लीत राहते. वीज मंडळाच्या ऑफिसातून रिटायर झालेली, बोलायला फटकळ, हसायला त्याहून मोकळी. आमची ओळख वडाळीच्या तलावावर सकाळी फिरताना झाली. माझा नवरा गेला त्या वर्षी, मी घरातून बाहेर पडत नव्हते, तेव्हा ही रोज सकाळी फाटकाशी उभी राहून हाक मारायची, "अवं, निघतं का घरात शिरू?" तिच्यामुळे मी पुन्हा माणसांत आले. तिला साखरेचा आजार. पायांची आग होते, म्हणून डॉक्टरांनी मऊ तळाच्या सँडल लिहून दिल्या होत्या आणि घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही असं बजावलं होतं. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

ती गढीच्याच गावची, हेही माहीत होतं. फिरताना मी गढीचं पुराण लावलं की ती "हं" म्हणायची आणि पाय उचलून चालायला लागायची. त्या "हं"चा अर्थ मी अभिमान असा लावला होता.

मेळाव्याच्या पत्रिकेत मी तिचं नाव छापलं. 'ग्रामकन्येचे मनोगत' असं. पत्रिका हातात दिली तेव्हा तिनं ती वाचली, घडी केली.

"मले विचारलं काहून नाई?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"हो, म्हटलंच असतं." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "छापून बसली तं येतो आता. तुह्यासाठी येतो. गढीसाठी नाई."

मला ते विनोदी वाटलं.

दसऱ्याला अकराच्या सुमारास सगळे गल्लीच्या तोंडाशी जमले. सिमेंटचा रस्ता तापला होता. मी माईकवर आवाहन केलं, "चला, चपला हातात घ्या!" पुण्याच्या सुना खिदळत उंच टाचांच्या चपला नाचवत निघाल्या, सेल्फी काढू लागल्या. दिरांनी बूट बगलेत धरले. "हाय हाय, चटका लागते नं" म्हणत सगळे उड्या मारत होते.

मैत्रीण हलली नाही. गल्लीच्या तोंडाशी उभी. मी माईक तोंडापासून दूर न करता म्हणाले, "काढ ना गं, दोन मिनिटांचं तर काम आहे!" सगळ्या गावानं ऐकलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीला हात टेकून वाकली. सँडलचा पट्टा सोडवायला तिला वेळ लागला, गुडघा वाकत नव्हता. दोन्ही सँडल जोडल्या, तळ वर केला आणि डोक्यावर ठेवल्या. एक हात त्यावर धरला. पदर आधी डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता, हे मला नंतर फोटोत दिसलं. मान खाली घालून ती चालू लागली. उड्या मारल्या नाहीत, हाय म्हटलं नाही.

आणि मी टाळ्या मागितल्या.

ती दरवाज्यात शिरली नाही. समोरून गेली, गल्लीच्या पार टोकाला. तिथल्या हौदाच्या कठड्यावर बसून तिनं सँडल घातल्या आणि फाट्याकडे चालत गेली. मनोगताची वेळ आली तेव्हा मी तिचं नाव माईकवर पुकारलं, पुन्हा पुकारलं. कोणी तरी म्हणालं, बाई एसटीत बसल्या. मला राग आला. एवढं नाव छापलं आणि ही अशी!

जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी होती. माझ्या शेजारी थोरल्या नणंदबाई. त्या वंशज मंडळातल्या सगळ्यांत वडील. जन्म गढीतला, पण मेळाव्यात येऊन जेवण्यापलीकडे भाग घेत नसत. मी तणतणत होते. त्यांनी रोडगा मुठीनं फोडला, तुपात बुडवला आणि म्हणाल्या, "तुले काय वाटलं, तिनं गंमत केली?"

"मग काय?"

"आमच्याकडच्या बाया हातात धरत होत्या. काही घरच्या बायायले हातात नाई चाले. हातात धरलं तं चपला लुगड्याआड जाते, दरवाज्यातून दिसत नाई. म्हणून माह्या आज्यानं सांगतलं होतं, डोक्यावर घ्या. एकीनं नाई घेतल्या. मंग तिच्या चपला दरवाज्यावर टांगल्या. पावसाळा सरला तरी लटकून होत्या. मी रोज पाहो." त्या घास गिळून थांबल्या. "तुही मैत्रीण कोण्या आळीतली हाय?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं रोज सकाळी चालत होतो. तिची साखर किती, माझ्या सुनेचं नोकरीचं काय, कोणत्या दुकानात बेसन चांगलं, सगळं बोललो होतो. आळी कधी विचारली नव्हती.

"ताई, मग तुम्ही मला आधी सांगितलं का नाही?"

"तू माईक सोडत होतीस काय?"

माझ्या पानातली भाजी तशीच राहिली. समोर माझ्या हस्ताक्षरावरून केलेला फ्लेक्स वाऱ्यानं फडफडत होता. पाटी डोक्यावर घेऊन माझे वडील या गल्लीतून गेले असते तर त्यांनीही चपला काढल्याच असत्या. ती चपलांची जोडी प्रेमानं काढली, असं मी माईकवरून सांगितलं असतं का, हा प्रश्न त्या क्षणी पडला. बरं झालं वडील नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून ती तलावावर आली नाही. मी फोन केला, उचलला नाही. तिच्या गल्लीत जायचं धाडस होईना. जगात सगळ्यांसमोर टाळ्या मागायला धाडस लागत नाही, हे मी त्या आठवड्यात शिकले.

त्यानंतर मंडळाची बैठक अकोल्याला, दिरांच्या घरी. कॅलेंडरचा मजकूर ठरवायचा होता. दिरांनी टीव्हीवर एकेक पान दाखवलं. जानेवारीत समाधी, ऑगस्टमध्ये निशाण. आणि ऑक्टोबरच्या पानावर ती. पूर्ण पानभर. डोक्यावर सँडल, खाली घातलेली मान, मागे मरून दरवाजा. खाली छापलं होतं: 'परंपरेचा मान राखणारी ग्रामकन्या.' सगळे म्हणाले, वा, काय फोटो आहे. हजार घरांच्या भिंतीवर लागेल असं दीर म्हणाले. त्यांना अतिशयोक्तीची सवय, पण आमच्या नातेवाइकांच्या स्वयंपाकघरांत तरी नक्की लागला असता.

मला सगळं ठाऊक होतं. नणंदबाईंचा शब्द न् शब्द. खोलीत माझ्या ओळखीचीच माणसं होती, चहा झाला होता, माईकही नव्हता. नुसतं तोंड उघडायचं होतं.

मी उघडलं आणि म्हणाले, "हा नको. फोटो हलला आहे."

"वयनी, हलला कुठं? सँडलची बक्कल मोजून घ्या!"

"चेहरा नीट नाही आला. तिला आवडायचं नाही."

"बायकांचं हेच असते," दीर हसले. सगळे हसले. मीही हसले. त्यांनी तो फोटो काढून टाकला आणि तिथं माझा लावला. गुलाबी फेटा, एका हातात माईक, दुसऱ्यात चपला, तोंड टाळ्या मागताना उघडं राहिलेलं. पुन्हा टाळ्या झाल्या. फ्लेक्सबद्दल, पुढच्या वर्षीच्या चपलांबद्दल कोणी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मला वाटत होतं, की मी तिला वाचवलं. म्हणजे बघा!

अमरावतीला उतरले ती सरळ तिच्याकडे गेले. मनात माफीचं भाषण पाठ. तिच्या दारात पोचल्यावर काय डोक्यात आलं कोण जाणे, मी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिले. मला वाटलं, बघताच तिला रडू येईल आणि मग आम्ही दोघी रडू.

तिनं दार उघडलं. पायाला मलमपट्टी होती, दोन्ही तळव्यांना. माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "त्या कायले धरून उभी हायेस? ठेव खाली. इथं काय दसरा हाय?"

मी ठेवल्या. पाठ केलेलं सगळं विसरले. तिनं आत बोलावलं नाही, दारही लावलं नाही. मी उभ्यानं सांगितलं, नणंदबाई काय बोलल्या ते, कॅलेंडरचं, फोटो काढून टाकल्याचं. शेवटचं जरा अभिमानानंच सांगितलं असावं.

"काय सांगून काढला?" तिनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. पण तिच्यासमोर मला ते कधी जमलं नाही. "फोटो हलला म्हणून सांगितलं," मी म्हणाले.

तिनं दाराच्या चौकटीला धरून एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला आणि म्हणाली, "टाळ्या वाजोल्या तवा तुले काई मालूम नोतं, ते मी सोडून देतो. पण अकोल्यात तं मालूम होतं नं वं? जाय, पयले तिथं जाऊन खरं सांगून ये. मंग ये फिरायले, अन् चपला पायात घालून येजो."